पुढचं प्रकरण दुकानात

४ सप्टेंबर

लाडक्या ठके,

तुझं पत्र मिळालं. वाचून आधी हसले, मग चिडले, मग पुन्हा वाचलं आणि पुन्हा चिडले. "आत्या, तू फोन का घेत नाहीस?" म्हणे! अगं, सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडण्यात गेली. कान इतके विटलेत की फोन वाजला की मी उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. तुझ्या बाबांनी तर त्यांचा फोन बंद करून पक्कड-पान्यांच्या खणात टाकलाय. तेव्हा आपली पत्रंच बरी. पोस्टमनला तेवढाच व्यायाम.

आता मुद्द्याचं बोलते. ऑक्टोबरात येऊन तू तुझ्या बाबांना, माझ्या दादाला, कायमचं तुझ्याकडे धरणावर घेऊन जाणार म्हणतेस, कारण तो चौथ्या मजल्यावरून खाली उतरत नाही. नाहीच उतरत. ज्या जाळीच्या लिफ्टची त्याने आयुष्यभर देखभाल केली, ती काढून इमारतीत नवी चकचकीत लिफ्ट बसवली. ही बया बोलते! "दरवाजा बंद होत आहे," असं गोड आवाजात सांगते. दादा म्हणाला, "मला दिसत नाही का?" आणि त्या दिवसापासून तिच्यात पाय ठेवणार नाही म्हणून हटून बसला. गुडघे जिना उतरू देत नाहीत आणि अभिमान लिफ्टमध्ये बसू देत नाही. वहिनी असती तर तिने कान धरून खाली आणला असता. ती नाही, म्हणून मला डोकं चालवावं लागतंय.

माझ्याकडे उपाय आहे: आमचं पुस्तकांचं दुकान. तुला माहीतच आहे, तिथे पगार कोणालाच नाही आणि मतं सगळ्यांना आहेत. पूर्वी ते चपलांचं दुकान होतं. फळ्या अजून तिरक्या आहेत, त्यामुळे वरच्या फळीवरचं पुस्तक कधी कोणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही. जमिनीलगतचे आरसेही तसेच आहेत. गिऱ्हाइकाला स्वतःचं तोंड दिसत नाही, फक्त पाय दिसतात.

तर आम्ही नवीन काम काढलंय. जे घराबाहेर पडत नाहीत, त्यांच्या दारात जाऊन पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवायची, आठवड्याला एक. चौथं ऐकायचं असेल तर दुकानात यायचं. कितीही गयावया करा, पुस्तक हातात द्यायचं नाही. हा नियम दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. त्या म्हणतात, दात ठणकायला लागला की माणूस आपल्या पायांनी येतो.

लोक मुखपृष्ठ बघून नाकं मुरडतात, म्हणून आमच्या टेलरमास्तरांनी सगळ्या पुस्तकांना एकाच मापाचे तपकिरी कागदाचे कोट शिवलेत. हो, शिवलेत, टाके घालून! कुठलं पुस्तक कुठलं ते कळावं म्हणून पाठीवर खुणाही केल्यात, कापडावर करतात तशा. आम्ही तिघं आळीपाळीने जाणार: पहिलं प्रकरण मी, दुसरं मास्तर, तिसरं डॉक्टरीणबाई.

तुझी रजा लागेपर्यंत दादा त्या बोलक्या लिफ्टमधून खाली येतो की नाही बघ. नाही आला तर त्याची बॅग मी स्वतः भरून देईन. पण ठके, खरं सांगते, मला माझा भाऊ इथेच हवाय. तो गेला तर मी भांडू कोणाशी?

तुझीच,
आत्या

१२ सप्टेंबर

अगं आत्या,

तुझी योजना मी आमच्या धरणावरच्या चौकीदारकाकांना वाचून दाखवली. ते इतके हसले की चहा नाकात गेला. तरी ते म्हणाले की तुझ्या बाजूने पैज लावतील. मी तुझ्या विरुद्ध आहे.

तुला बाबा माहीत नाहीत असं थोडंच आहे? माझ्या लहानपणी आमच्या न्हाव्याने एकदा त्यांच्या मिशीची एक बाजू जास्त कापली. त्यानंतर इतकी वर्षं स्वतःचे केस ते स्वतःच कापतात आणि मागून कुरतडल्यासारखे दिसतात, पण त्या दुकानाची पायरी चढले नाहीत. असा माणूस एका गोष्टीसाठी लिफ्टमध्ये बसेल?

इथे मला तळमजल्याचं घर मिळालंय. ना जिना, ना लिफ्ट, ना भांडण. दारासमोर बाक आहे. पाण्याची पातळी मोजून घरी आले की बाबा बाकावर बसलेले दिसतील, हे चित्र मी कधीपासून रंगवतेय. तू काय हवं ते कर. बाबा लिफ्टमध्ये बसले तर मी हरले, त्यांना नेण्याचं नाव काढणार नाही. नाही बसले तर मी रिकामी सूटकेस घेऊन येते आणि भरून नेते. मग रडायचं नाही.

तुझी,
ठकी

ता. क. पुस्तक कुठलं घेतलंयस? प्रेमाचं असेल तर दार तुझ्या तोंडावर आपटेल.

२० सप्टेंबर

ठके,

पहिलं प्रकरण पार पडलं! दादाने मला घरातलं सरबत दिलं, खुर्ची दिली, "वाच बापडी" म्हणाला आणि डोळे मिटून मन लावून ऐकलं.

बरं, ते सगळं खोटं; तू हसशील, तरी खरं लिहिते. दार आधी माझ्या तोंडावर आपटलंच. मग मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि एक्स्चेंजमधला माझा आवाज काढला, तीन खोल्यांपलीकडे ऐकू जायचा तो. प्रेमबिम काही नाही गं, एका कप्तानाची गोष्ट आहे. भर समुद्रात वादळ, जहाजाला खालून भगदाड, पंप बंद पडलेला. कप्तान एकटा पंपाच्या खोलीत उतरतो आणि त्याच्या मागे दार बंद होतं. संपलं प्रकरण. मी पुस्तक मिटलं आणि उठले.

दार एवढंसं उघडलं. फटीतून आवाज आला, "पंप कुठल्या बनावटीचा होता?"

मी म्हटलं, "पुढचं पुढच्या आठवड्यात, मास्तर येतील."

"अगं पण पाणी कुठवर आलं होतं?"

मी जिना उतरले. मागे वळून बघायचा इतका मोह झाला होता म्हणून सांगू! खाली येऊन टेलरमास्तरांना म्हटलं, मासा गळाला लागला. मास्तर म्हणाले, आता तुम्ही निवांत राहा, दुसरं प्रकरण मी असं वाचतो की ते उड्या मारत येतील.

तू ती सूटकेस माळ्यावर टाक.

आत्या

२ ऑक्टोबर

चि. ठकी,

आशीर्वाद. पत्र लिहायला बसलो, कारण मला राग आला आहे आणि घरात रागवायला कोणी नाही.

तो कप्तान अजून पंपाच्या खोलीत आहे. कमरेएवढ्या पाण्यात. पंप का बंद पडला असेल यावर मी विचार केला आणि कागदावर आकृती काढली. माझ्या मते झडप उलटी बसली आहे. एक माणूस जाऊन ती फिरवेल तर सगळे वाचतील. पण कोणाला पर्वा आहे? टेलरमास्तर आले, तर ते सांगतात एका विधवा बाईचं. ती पहाटे उठते, भट्टी पेटवते आणि पाव करते. मी विचारलं, कप्तान? मास्तर म्हणाले, येईल हो. मी पुष्कळ विचार केला तेव्हा उलगडलं. ती कप्तानाची बायको आहे. तो बुडाला असं तिला कोणीतरी सांगितलं आहे. तो जिवंत आहे हे फक्त मला माहीत आहे आणि मी तिला कळवू शकत नाही. बाईचं मला फार वाईट वाटतं. भट्टीशी बोलते ती.

आणि परवा दातांच्या बाई आल्या. आता कोर्टात पोपट उभा केला आहे. साक्ष द्यायला! न्यायाधीश त्याला नाव विचारतात. पोपटाने चोच उघडली आणि बाई उठून चालत्या झाल्या. आता मला सांग, जहाज बुडतंय आणि हे पोपट घेऊन बसलेत.

काल दुपारी डुलकी लागली असताना मी "झडप बघ, झडप!" असं ओरडलो म्हणे. शेजारचे धावत आले. मी त्यांना कप्तानाचं सांगितलं. ते माझ्याकडे बघतच राहिले.

तब्येत उत्तम आहे. काळजी नसावी.

बाबा

७ ऑक्टोबर

आत्या,

बाबांचं पत्र आलंय. मी ते चार वेळा वाचलं आणि चौथ्या वेळी मला रडू आलं.

तू तर लिहिलं होतंस की गोष्ट समुद्रातल्या जहाजाची आहे. मग पाव करणारी विधवा कुठून आली? कोर्टात पोपट कसा उभा राहिला? ते लिहितात की कप्तान जिवंत आहे हे फक्त त्यांनाच माहीत आहे! झोपेत ओरडतात, शेजारी धावत येतात. आत्या, त्यांच्या डोक्यात सगळं एकमेकांत मिसळायला लागलंय, आणि आपण इथे पैजा लावत बसलोय. आठ महिने एका माणसाने चार भिंतींशी बोलत बसायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार? आधीच न्यायला हवं होतं मी त्यांना.

रजा मंजूर झाली आहे. १७ तारखेला संध्याकाळी पोचते. इथल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. पैज संपली. तू फक्त त्यांच्याजवळ राहा, आणि कृपा करून त्यांना पुढे काही वाचून दाखवू नका.

ठकी

११ ऑक्टोबर

ठके, ठके, ठके!

आधी पाणी पी, बस, आणि मग वाच. तुझ्या बाबांचं डोकं ठणठणीत आहे. बिघडलेलं डोकं आमचं आहे, तिघांचं मिळून.

तुझं पत्र काल दुकानात हाती आलं. पाव? पोपट? आम्ही दारोदार नेतो ती पुस्तकांची पिशवी घेतली आणि सगळीच्या सगळी जमिनीवर ओतली. पुस्तकं पडली, आणि मागोमाग पांढरी धूळ पडली, मूठभर. ठके, मास्तरांनी पुस्तकांच्या पाठीवर खुणा केल्या होत्या त्या शिंपीकामाच्या खडूने! कापड शिवून झालं की झटकून निघून जावा म्हणून असतो तो खडू. पिशवीत पुस्तकं एकमेकांवर घासली आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्या खुणा झटकून निघून गेल्या. राहिले काय, तर एकाच रंगाचे, एकाच मापाचे, सुबक टाक्यांचे तपकिरी कोट. मी कप्तान वाचला. मास्तरांच्या हाताला आलं दुसरंच पुस्तक. त्यांनी इमानदारीत दुसरं प्रकरण उघडलं आणि भट्टी पेटवली. डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्याच पुस्तकातून पोपट उभा केला. आणि आम्ही तिघांनीही ती पुस्तकं आधी वाचली नव्हती! आयुष्यभर एकाची लाइन दुसऱ्याला लागू दिली नाही मी, आणि म्हातारपणी हा असा पराक्रम.

मी जमिनीवर बसून कपाळाला हात लावलाय, तेवढ्यात समोरच्या चपलांच्या आरशात दोन पाय दिसले. जुन्या चामडी चपला, उजवीचा अंगठा तांब्याच्या तारेने बांधलेला. अशी चप्पल जगात एकाच माणसाची आहे.

"लेखक कुठे आहे?" दादा गरजला.

मी वर बघितलं. दादा! खाली! दुकानात! मी त्याला मिठी मारायला गेले तर म्हणतो, "ते नंतर. आधी लेखकाला बोलव. असं अर्ध्यावर माणसाला पाण्यात सोडून पाव भाजायला जायचं? काही जबाबदारी असते की नाही?"

"दादा, तू आलास कसा?"

"कसा म्हणजे? लिफ्टने."

"ती बोलली?"

"बोलली. दरवाजा बंद होत आहे म्हणाली. मी म्हटलं, होऊ दे, मला घाई आहे."

ठके, मी एकाच वेळी हसत होते आणि रडत होते, आणि माझ्या सगळ्या तोंडाला खडू लागला होता. मग मात्र खरं सांगावंच लागलं. तीन पुस्तकं आहेत, दादा. आमची चूक झाली. त्याने चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे ती बाई कप्तानाची बायको नाही?"

त्याचा चेहरा असा पडला की टेलरमास्तर शिवणाचं काम टाकून उठले. "आहे हो!" म्हणाले, "नसायला काय झालं? ठरवलं तर आहे!"

दादाने तिन्ही पुस्तकं हातात घेतली, वजन बघितल्यासारखी तोलली आणि म्हणाला, "मग मध्ये जोड द्यावा लागेल. कागद आण."

आजही येऊन बसलाय तो, चपला घालून बघायच्या स्टुलावर. आणि तो एकटाच आला असं समजू नकोस. त्याच पिशवीतून ज्यांना ज्यांना वाचून दाखवलं, ते सगळे आज आम्हाला जाब विचारायला आलेत. पलीकडच्या गल्लीतल्या जुळ्या बहिणी, ज्या एकमेकींशीही बोलत नव्हत्या, त्या एका सुरात भांडल्या. इतकी माणसं आमच्या दुकानात कधीच आली नव्हती! डॉक्टरीणबाईंनी लगेच पाटी लावली: शनिवारी १७ तारखेला संध्याकाळी चौथ्या प्रकरणाचं जाहीर वाचन, लेखक स्वतः हजर राहतील.

तू त्याच संध्याकाळी पोचतेयस. सरळ दुकानात ये. सूटकेस आणायची तर आण, बसायला उपयोगी पडेल. खुर्च्या कमी आहेत.

खडूने माखलेली,
आत्या

२४ ऑक्टोबर

बाबांना नमस्कार, आणि आत्याला एक धपाटा,

परत पोचले. सूटकेस इतकी जड झाली होती की चौकीदारकाका म्हणाले, बाबांना आत घालून आणलं की काय? बाबांचे कपडे भरायला आणलेली सूटकेस मी तुमच्या दुकानातली पुस्तकं भरून परत आणली. मी पैज हरले, आणि हरल्याचा इतका आनंद मला शाळेतही कधी झाला नव्हता.

आत्या, तुझं पत्र मिळूनही मी शनिवारी धास्तावलेलीच होते. म्हटलं, तू माझी समजूत घालतेयस. दुकानाच्या दारात पोचले तर आत पाय ठेवायला जागा नाही. आरशांत नुसते पायच पाय! आणि त्या गर्दीच्या मध्ये बाबा उभे, मागून कुरतडलेले केस, हातात कागद, चष्मा नाकाच्या टोकाला. न्यायाधीश पोपटाला नाव विचारतात. पोपट चोच उघडतो. बाबा थांबले, सगळ्यांकडे बघितलं, आणि पोपटाच्या आवाजात म्हणाले, "झडप बघ, झडप!"

तेव्हा कळलं मला. तो पोपट कप्तानाचा. शेवटच्या फेरीला कप्तानाने त्याला हातातून उडवून दिला, तो बायकोच्या भट्टीवर येऊन बसला, आणि त्याला तेवढं एकच वाक्य येतं. ते ऐकून कप्तान अजून जिवंत असणार हे न्यायाधीश ओळखतात आणि होड्या सोडायला लावतात. ज्या वाक्याने मी आठवडाभर जेवले नव्हते, त्याच वाक्यावर सगळं दुकान उभं राहून टाळ्या पिटत होतं. जुळ्या बहिणींनी एकमेकींना मिठी मारली. वरच्या फळीवरून एक पुस्तक डॉक्टरीणबाईंच्या डोक्यात पडलं, तरी त्यांच्या टाळ्या थांबल्या नाहीत. मी सूटकेसवर बसून इतकी हसले आणि इतकी रडले की शेजारच्या आजोबांनी मला त्यांचा रुमाल दिला.

बाबा, घरी जाताना तुम्ही मला त्या लिफ्टची ओळख करून दिलीत, नवी सून दाखवावी तशी. "तिसऱ्या मजल्यावर हिसका देते, पण स्वभावाने वाईट नाही." मी तेव्हाच विचारलं होतं, येता का माझ्याकडे? तुम्ही म्हणालात, "तुझ्याकडे मजले किती?" मी म्हटलं, एकच, तळमजला. "मग मी तिथे करू काय?" आपण दोघंही हसलो आणि विषय संपला.

पण इथे आल्यावर वाटलं, एक गोष्ट सांगायची राहिली. तुम्हाला आणायचं होतं ते फक्त तुमच्या गुडघ्यांसाठी नव्हतं. पाणी मोजून घरी येते तेव्हा दारासमोरचा बाक रिकामा असतो. तुम्ही लिहिलं होतंत ना, घरात रागवायला कोणी नाही? माझंही तसंच आहे, बाबा. तुमची आठवण येते, एवढंच. आता तुम्ही तिथे इतके खूश आहात की तुम्हाला हलवायचं पाप मी करणार नाही.

म्हणून एक मागणं आहे. चौथ्या प्रकरणाच्या शेवटी कप्तान वाचतो, पावसातून चालत बेकरीपाशी येतो, दारावर हात ठेवतो, आणि तुम्ही कागद मिटलात! हे कुठे शिकलात? चौकीदारकाकांना सगळं सांगितलं, तर ते रोज सकाळी विचारतात, दार उघडलं का? पाचवं प्रकरण लिहून झालं असेल तर पोस्टाने पाठवा. मी जपून ठेवेन, कोणाला देणार नाही.

तुमची,
ठकी

३० ऑक्टोबर

चि. ठकी,

आशीर्वाद. पत्र पोचलं. तुझ्या आत्याने ते दुकानात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला घेतलं होतं. रिकाम्या बाकाच्या ओळीपाशी आल्यावर तिने ते माझ्या हातात दिलं, मी ते खिशात ठेवलं. घरी पुन्हा वाचलं.

माझं बरं चाललं आहे. लिफ्टचा हिसका मी कंपनीच्या माणसाला समजावून दिला, ती आता हिसका देत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मी दारोदार वाचायला जातो. पुस्तकांच्या खुणा मी माझ्या हाताने पत्र्यावर ठोकून लावल्या आहेत. टेलरमास्तरांना त्या आवडल्या नाहीत, कोटाची फिटिंग बिघडते म्हणतात.

पाचवं प्रकरण लिहून तयार आहे. पण पोस्टाने पाठवता येणार नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा, लेखकाच्या मुलीलाही. मलाही तो पटतो.

रिकाम्या बाकाचं तू मला आधी सांगायला हवं होतंस. मी गुडघ्यांचं ऐकत बसलो, तुझं ऐकलं नाही. हिवाळ्यात मी येईन, महिनाभर त्या बाकावर बसेन आणि तुला रोज रागवेन. पण त्याआधी तुला एकदा इकडे यावं लागेल. रजा माग. दुकानात तुझ्यासाठी स्टूल धरून ठेवलं आहे, आणि सगळ्यांना सांगून टाकलं आहे की ठकी आल्याशिवाय वाचन नाही. जुळ्या बहिणी चिडल्या आहेत.

कप्तान दारात उभा आहे. तू आल्याशिवाय मी त्याला आत घेणार नाही. लवकर ये, बिचारा भिजला आहे.

बाबा